शेंगेबाहेरचा जीव

खापरहून परतलेल्या गाडीवानाने बैल सोडायच्या आतच सांगितलं, "हस्तीमलशेठ गयात." खरं सांगतो, ऐकून आधी हायसं वाटलं. दम्याने त्यांना धड आडवंही होऊ दिलं नव्हतं. सुटले बिचारे... रडू मागाहून आलं.

आमची मैत्री तुरीची. मी अक्कलकुव्याजवळ तूर पिकवायचो, ते खापरला घट्टीवर, म्हणजे दगडी जात्यावर, तिची डाळ करायचे. जैन घर, दिव्यावरचा किडा ताटात पडू नये म्हणून दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपायची. एका पौषात ते माझ्या शेतावर आले, हिरवी शेंग हातात घेतली आणि तिच्या भोकात तोंड खुपसून बसलेली केसाळ अळी पाहून पांढरेफटक पडले. "आप्पा, इतला वरीस मी जीवच भरडी ऱ्हायनू का?" घरी जाऊन त्यांनी घट्टीच बंद केली. त्यांच्या बायकोच्या, भाभींच्या, तोंडचं पाणी पळालं, कारण घर चालायचं ते त्या घट्टीवर.

समजावून उपयोग नव्हता, शेठ हट्टाला पेटलेले. मग मी अळीसकट तुरीची फांदी नेऊन त्यांच्या ओसरीवर पाण्याच्या तांब्यात ठेवली. शेंगा सुकल्या की ताजी फांदी शेजारी ठेवायचो. शेठ तर त्या अळीची जावयासारखी बडदास्त ठेवू लागले! ती दाणा खायची, पण डोकं तेवढं आत, अंग बाहेर. पुढे शेंगेच्या सालीवरच तिचा केसाळ कोष झाला आणि एका सकाळी शेजारी एक भुरा पिसारी पतंग बसलेला दिसला. डासापेक्षा जरासा मोठा, लांब पायांचा; अरुंद पंख दोन्ही बाजूंना ताठ आडवे, कडा पिसासारख्या चिरलेल्या.

"दखा शेठ," मी म्हणालो, "तो बाहेरच ऱ्हास. शेंगा वाळाना पहिले उडी जास."

पतंग उडाला आणि शेठ पोरासारखे हसले. त्या दिवशी घट्टी फिरली. पण तेव्हापासून दर हंगामात ओसरीवर फांदी ठेवायची आणि तिच्यावरचा पतंग उडाल्याशिवाय नव्या तुरीला हात लावायचा नाही, असा त्यांचा नेमच झाला.

यंदा अंगात त्राण नसतानाही त्यांनी फांदी मागवली होती. मी समाचाराला गेलो तेव्हा शेठ नव्हते, शेंगेवर कोष होता आणि घट्टी गप्प होती. आता हे घर कसं चालणार, या धास्तीने परवा पुन्हा गेलो. भाभी फांदीपाशी बसल्या होत्या. रिकामा कोष माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "उडी गया, भाऊ. आते तुमनी तूर धाडा."

माझा जीव भांड्यात पडला. भाभी आत गेल्या, इतरांकडून येऊन पडलेल्या तुरीचं पोतं सोडलं आणि घट्टीची घरघर सुरू झाली.