वळणावरची सुई
नाशिक रोडच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा वास आला आणि नव्वदच्या दशकातली ती सकाळ आठवली. विमानं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात, रेडिओ विभागात, मी एकटीच बाई. जमिनीवरच्या रेडिओ केंद्राची दिशा दाखवणारं यंत्र मी दुरुस्त केलेलं, आणि चाचणी उड्डाणाहून वैमानिक उतरले ते चिडूनच. "मॅडम, सुई भलतीकडेच जाते!" आमचे साहेब यंत्र विमानातून काढायलाच निघाले. मी म्हटलं, "सर, विमान वळताना कलतं, तेवढ्यापुरती सुई चुकते. यंत्राला काही झालेलं नाही." आमच्याकडे रीतच होती, दुरुस्तीवर ज्याची सही त्यानं चाचणीला विमानात बसायचं. मीही बसले पट्टा आवळून. सायखेड्याजवळ गोदावरीवर विमान वळलं, सुई खाली कललेल्या पंखाकडे झुकली. मग वैमानिकांनी पंख सरळ केले, तशी सुई आपसूक केंद्राच्या दिशेला येऊन थांबली. "बरोबर होतात मॅडम तुम्ही," ते म्हणाले. उतरल्यावर साहेबांनी सहीसाठी रजिस्टर पुढे केलं. तोवर मी कोपऱ्यात नुसती आद्याक्षरं लिहायची. त्या दिवशी पूर्ण नाव लिहिलं. आज दुकानदारानं चिठ्ठीवर सही मागितली, तिथंही मी पूर्ण नाव लिहिलं. म्हणाला, "काकू, एवढी मोठी कशाला?" मी म्हटलं, "सवय आहे."