आठल्ये आजींचा घास

दुपारची जेवणं आटपलीत. वृद्धाश्रमाच्या कोठीच्या खोलीत, डायपरच्या खोक्यांना पाठ लावून मी जराशी टेकते. झोप म्हणावी तर बाहेरचा नळ गळतोय तो ऐकू येतोय, आणि जागी म्हणावी तर डोळे उघडवत नाहीत. ही साथ आल्यापासून आम्ही सगळ्या आया इथंच राहतोय, घरी जायचं नावच नाही. डोक्याला एकच घोर लागलाय. आठल्ये आजींनी कालपासून तोंडात काही घेतलेलं नाही. मास्क लावलेलं माणूस दिसलं की ओठ घट्ट मिटतात आणि "चोर आला, चोर" करून अंग चोरतात. चहाच्या वेळेला खिमट घेऊन जायचं आणि सरळ मास्क खाली ओढायचा, असं मी ठरवूनच टाकलंय. व्हायचं ते होईल.

"सरक की गं. सगळी जागा तूच खाणार व्हय?"

हौसाक्का आहे. आम्ही दोघी याच मजल्यावर कामाला. मागच्या महिन्यात ताप अंगावर घेऊन ती दवाखान्यात गेली ती गेलीच. शेवटचं तोंडसुद्धा आम्हाला कुणी दाखवलं नाही. आता ती माझ्याशेजारी बसून तळपाय चोळतेय, आणि मला नवल काही वाटत नाही. उलट रागच येतो.

"कुठं होतीस गं इतके दिवस? आम्ही इथं मरतोय."

"मरतोय म्हणं! आणि सांगतीस कुणाला, तर मला!" ती खो खो हसते.

मलाही हसू फुटतं. हसता हसता खोली हलायला लागते, आणि बघते तर आम्ही एसटीत बसलोय. बाकड्यांच्या जागी आमच्याच खाटा आहेत, आजी-आजोबा डोक्यावरून चादरी घेऊन निजलेत, आणि कंडक्टर कुणाला जाग येऊ नये म्हणून हळूच घंटी मारतो. बाहेर ऊस पळतोय. आक्का खिडकीशी बसलीय. तिचा श्वास मोकळा चाललाय.

"खोकला गेला गं तुझा?"

"सगळंच गेलं की."

"आक्का, तुला झालं तरी कशानं? हात तर सारखी धूत होतीस."

ती माझ्याकडं बघते. "आठल्ये आजीपायी. मास्कला सुरगाठ मारायची मी. घास भरवायची वेळ आली की एक हिसका, आणि मास्क खाली. माझं तोंड दिसलं की आजी लगेच आ करायची. तेवढ्यानं काय होतंय, म्हणायची मी. तिला आतून ताप होता ते कुणाला ठाऊक? ती उठून बसली. मी नाही उठले."

आम्ही सगळ्याच तशी गाठ मारतो. खांदा धरल्यापासून माझी दुसरी कुणी बांधून देते, तीही सुरगाठच.

एसटीची पायरी उतरते तर पाय घोट्याएवढ्या पाण्यात. कृष्णेचा घाट आहे, आणि आम्ही दोघी आश्रमाच्या चादरी धुतोय. एक चादर दोन्ही टोकांनी पिळतोय, ती संपतच नाही. पाणी कोमट आहे, अंघोळीला काढल्यासारखं.

"मंदे, आजी माझी आठवण काढती का गं?"

हो म्हणावं असं फार वाटतं. पण तोंडातून खोटं निघेना. "नाही गं आक्का. तिला पोटच्या पोराचं नावही आठवत नाही."

"एकदा बी नाही?"

"नाही."

आक्काचे हात थांबतात. डोळे भरून येतात. मेलं माझं तोंड, कशाला खरं बोलले!

"तिचं तरी काय चुकलं म्हणा," ती पदरानं नाक पुसते. "पण वाटलं होतं, एकदा तरी विचारंल, ती बाई कुठं गेली म्हणून." मग एकदम माझ्यावर डाफरते. "आणि तू निघालीस मास्क काढायला!"

"मग काय करू? उपाशी मारू म्हातारीला?"

"कोण म्हणतंय मार? डॉक्टरला बोलव. नाही आला तर भांड. ऑफिसात जाऊन ओरड, सलाईन लावा म्हणावं. नळी घाला म्हणावं. तोंड आहे ना तुला? ते आजीला दाखवायच्या ऐवजी तिथं जाऊन वापर. आणि तुझी अश्विनी कुणाचं तोंड बघून जेवणार गं उद्या?"

लेकीचं नाव काढल्याबरोबर माझा बांध फुटतो. मी त्या ओल्या चादरीतच तोंड खुपसते.

"रडू नको. पाठ कर इकडं. तुझा खांदा धरलाय, हात मागं जायचा नाही."

तिची ओली, गार बोटं माझ्या मानेला लागतात. मास्कच्या नाड्या ओढते, केस ओढले जातात.

"आई गं! हळू की!"

"गप बस."

"आक्का, जाऊ नको एवढ्यात. थांब ना जरा."

"मंदाताई, चहा झालाय! उठा!"

स्वयंपाकाच्या सिंधूताई दारात उभ्या आहेत. खोली जागच्या जागी आहे. मी उठून बसते, कप हातात घेते आणि मास्क खाली ओढते. तो येत नाही. पुन्हा ओढते. डावा हात मागं नेऊन चाचपते, तर निरगाठ बसलीय, एकावर एक, आणि माझे चार केस त्यात अडकलेत. नखानं सुटेना. माझा उजवा हात तर मानेमागं जातच नाही.

"थांबा, कात्री आणते," सिंधूताई म्हणतात.

"नको. चहा राहू दे," मी म्हणते आणि उभी राहते. "डॉक्टरांचा नंबर कुठाय? आजींना बघायला आत्ताच्या आत्ता या म्हणून सांगते त्यांना."