काहीच घडलं नाही की खूश होणारे काका

मॅचमध्ये काहीच घडलं नाही की आमच्या शेजारचे बेसबॉलकाका खूश व्हायचे. इंग्लंडमधल्या मेडनहेडजवळच्या एका मैदानावर रविवारी हौशी क्लबांचे सामने होतात. अख्ख्या सामन्यात एकच धाव निघाली, की काका खुर्चीची घडी घालत म्हणायचे, "कसली टाइट गेम झाली गं! मन भरलं." मी मात्र जांभया आवरत असायचे.

मी पुण्याची, क्रिकेटवर पोसलेली. पहिल्याच रविवारी बॅटरच्या बॅटला लागून चेंडू मागे सुसाट गेला आणि मी उभी राहून "फोर!" म्हणून ओरडले. आजूबाजूची मंडळी चमकून बघायला लागली. काकांनी बाही धरून मला खाली बसवलं. "अगं, मागे गेला की फाउल. इथे त्याचं कौतुक नाही." मग थर्मासमधला चहा पुढे केला. कुणाचीही फजिती झाली की त्यांचा हा एकच उतारा.

"बॉल काय, कुणीही बघतं," ते म्हणायचे. "पिचरने बॉल टाकायच्या आधी फिल्डर कुठे सरकतात ते बघ. सगळी मजा त्या वेटिंगमध्ये आहे." तरुणपणी कंपनीने वर्षभर अमेरिकेला पाठवलं, तेव्हा जडलेला हा नाद. काकू गेल्यावर तर त्यांचा अख्खा आठवडा रविवारच्या आशेवर निघायचा.

मग त्यांच्या नजरेच्या मधोमध धूसर डाग आला आणि वाढतच गेला. एकदा बॅटचा आवाज आला, तसं त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"आउट."

"कसा?"

मला सांगता येईना. मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. काका रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता थर्मासमधला चहा पुढे केला, आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

पुढे लेक त्यांना कार्डिफला घेऊन गेली. निघताना म्हणाले, "संपलं गं आता आपलं बघणं." मी म्हटलं, "मी बघेन ना काका, तुम्हाला सांगेन."

तेव्हापासून दर रविवारी मैदानातून फोन लावते. परवा मी सांगत होते, "पहिल्या बेसवरचा रनर तीन पावलं पुढे आलाय. पिचर टोपी सारखी करतोय. रनरकडे बघतच नाहीये..."

"थांब," काका म्हणाले. "पळणार तो."

पुढच्याच क्षणी रनर सुटला आणि धुरळा उडवत दुसऱ्या बेसवर पोचला.

"काका, पळाला! सेफ!"

 काका हळूच म्हणाले, "दिसला गं मला."