रफूवाल्या काकांनी न ऐकलेलं वाक्य

माझ्या काकांइतका हेकट माणूस मी पाहिलेला नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावरही सांगते. काका रफू करतात. जळलेला कोट असो की कुरतडलेली शाल, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढून भोक असं मिटवतात, की गिऱ्हाईक ते शोधत बसतं. पण स्वतःच्या कामावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "वरून दिसत नाही एवढंच," म्हणतात. "ताण पडला की तिथंच जाणार."

हेच शास्त्र त्यांनी काकूला लावलं. तिच्या उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली, डोळे पिवळे झाले. पित्तनलिकेत खडा अडकला होता. "काढायला हवा. ऑपरेशन म्हणजे..." एवढं डॉक्टरीणबाई बोलल्या आणि काका उठलेच. "माणूस कापून शिवायचा नसतो," म्हणाले आणि काकूचा हात धरून बाहेर पडले. बाई पाठीमागून सांगत राहिल्या. मी कपाळाला हात लावला.

काही दिवसांनी डोळे निवळले, तशी काकांची कॉलर ताठ झाली. कळ मात्र मधूनच यायची. काकूची आई लांबच्या गावी एकटी राहायची. तिला दिसत नव्हतं. काकू दर रविवारी बसनं जाऊन तिला न्हाऊ घालायची. एकदा बसमध्येच कळ आली, लोकांनी तिला रस्त्याकडेला उतरवून पाणी पाजलं. त्यानंतर काकांनी तिचं जाणं बंद केलं. "बरी झालीस की जा." काकू फोनवर आईला तेच सांगायची, "बरी झाले की येते." असं वर्ष गेलं, आणि आईच गेली. काकू पोचली तेव्हा फार उशीर झाला होता.

मग एके दिवशी काकूला हुडहुडी भरून ताप आला, डोळे पुन्हा पिवळे. काका घाबरले आणि स्वतःच तिला त्याच बाईंकडे घेऊन गेले. या वेळी त्यांनी सगळं ऐकलं. तोंडातून कॅमेऱ्याची नळी जठरापलीकडे न्यायची, नलिकेचं तोंड आतूनच जरा मोकळं करायचं, खडा बारीक जाळीत धरून आतड्यात ओढायचा. पोटावर एकही टाका नाही.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" काकांचा आवाज चढला.

"सांगत होते हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही दारापर्यंत पोचला होतात."

काकूला आत नेल्यावर काका बाकावर बसून रडले. "एक वाक्य, गं. एक वाक्य थांबलो असतो तर तिची आईशी भेट झाली असती." मी इतके दिवस धुसफुसत होते, पण तेव्हा मला त्यांना बोलवेना.

माझा चहा संपेपर्यंत काकू बाहेर आलीसुद्धा. झोपेतून नीट जागी झाल्यावर तिनं चादर वर करून पोट पाहिलं, चाचपलं.

"एवढंच होतं?"

काकांनी मान खाली घातली. मग काहीतरी चांगलं बोलावं म्हणून घाईघाईनं म्हणाले, "आता खुशाल जा बसनं. कुठंही जा. मी अडवणार नाही."

काकूनं चादर खाली ओढून त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"कोणाकडे जाऊ?" तिनं विचारलं.