अप्पांचा पाय अडायचा ती जागा

आधीच सांगते, भुताखेतांचं आणि माझं कधी जमलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. अमावस्येला मुद्दाम नखं कापते, सासूबाई चिडतात म्हणून. तरी जे घडलं ते लिहिते आहे... हसायचं तर खुशाल हसा.

आमचं घर चौलला, नारळी-पोफळीच्या वाडीत. सासरे, म्हणजे अप्पा, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. त्यांना पार्किन्सन्स आहे. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. अंग पुढे जातं, पाय तिथेच! दारात तर हमखास. अलिबागच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, की दार किंवा अरुंद जागा आली की मेंदूचा हुकूम पायापर्यंत नीट पोचत नाही. जमिनीवर पट्ट्या चिकटवा. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. मी घरभर पिवळी टेप लावली. खरंच उचलायला लागला. "गिअर पडला गो!" असं ओरडत अप्पा संडासला जायचे.

इथपर्यंत सगळं विज्ञान.

पण अंगणात एक जागा होती. फाटकाकडे जाताना, एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पाट, मध्ये वाट. सपाट माती, ना दार ना पायरी. तिथे अप्पा दर वेळी थांबायचे. मातीवर टेप चिकटेना म्हणून मी रांगोळीच्या रेघा ओढल्या. उपयोग शून्य. नवऱ्याने, संदेशने, "लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट" करून पाहिलं. शेजारच्या वनिताकाकू म्हणाल्या, "कोनतरी पाय धरून ठेवतंय," आणि नारळ उतरवला. अप्पांनी तो फेकू दिला नाही. म्हणाले, "कालवणात घाला."

मग एक दिवस अप्पा तिथेच पडले. कपाळाला टाके. संदेशने घाबरून व्हीलचेअर आणली. अप्पा तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "माझी गाडी भंगारात काढलीस काय रं?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. नाक्यावर जुन्या ड्रायव्हर मित्रांबरोबरचा चहा बंद. जेवण अर्ध्यावर. घरात विनोद करणारं माणूस गप्प झालं की घर कसं होतं, ते मला तेव्हा कळलं.

शेवटी संदेशने ठरवलं, वाटेला धरायला कठडा बसवायचा. गवंड्याने खांबासाठी खणायला घेतलं आणि पहार खणकन वाजली. अप्पा थांबायचे तिथेच... अगदी तिथेच. माती काढली तर लांब काळा दगड. मधोमध पायांनी झिजलेला, दोन्ही टोकांना दाराच्या फळ्या फिरायची भोकं.

उंबरठा!

चौल जुनं बंदर, इथे कुठेही खणलं तर दगड निघतात, मान्य. पण हा कोणालाच माहीत नव्हता. अप्पांनाही नाही. "माझ्या बानं जागा घेतली तवा हितं निस्तं गवत व्हतं," ते म्हणाले.

"मग तुमच्या पायाला कसं कळलं, अप्पा?"

"त्यालाच इचार."

डॉक्टरांना मोबाइलवर फोटो दाखवला. ते "इंटरेस्टिंग" म्हणाले आणि आधीच्याच गोळ्या लिहून दिल्या.

सासूबाईंनी दगड हलवू दिला नाही, वर हळद-कुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी अप्पा काठी घेऊन तिथे उभे राहिले आणि पाहुण्यासारखं अदबीने विचारलं, "येऊ का?" जरा थांबले. पाय उचलला! पलीकडे गेले, तसेच नाक्यावर. डॉक्टर म्हणाले, असं मोठ्याने बोलल्याने पायाला चालना मिळते. हेही मान्य. आता व्हीलचेअरवर आम्ही सुपाऱ्या वाळवतो.

पण गेल्या रविवारी अप्पांनी विचारलं आणि पाय हललाच नाही. मी मागेच होते.

"काय झालं, अप्पा?"

"थांब गो. चपला काढ, सांगतात."

"कोण सांगतात?"

"मला काय ठाव? घर त्यांचं."

मला हसूच आलं. तरी वाकून त्यांच्या चपला काढल्या. पाय लगेच उचलला आणि अप्पा आरामात पलीकडे गेले.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर जरूर कळवा. मी मात्र तिथे एकटीच उभी राहिले. इकडेतिकडे पाहिलं. शाळेतलं कोणी बघत नव्हतं. मग माझ्याही चपला काढून हातात घेतल्या, आणि पलीकडे गेले.