चौदा जणांचं एकत्र वजन

नलिनीला शेवटचं भेटले ती तिच्या जगतपुऱ्याच्या फ्लॅटवर. डब्यात मऊ भात नेला होता आणि आजारी माणसाकडे जाताना लावतात तसा चेहरा. तिनं दोन्हींकडे ढुंकून पाहिलं नाही. "प्रयोग पुन्हा करून पाहिलास?" नव्हता पाहिला. "मग इथं काय करतेस?" त्याच आठवड्यात तिच्या भावाचा फोन आला...

आम्ही दोघी सांगलीकडच्या, नवऱ्यांच्या बँकेतल्या बदल्यांमुळे जयपूरला आलेल्या. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तेव्हा तिनं मला आपल्या प्रयोगशाळेत ओढलं. छप्पन्न वर्षांची पोर मी! अक्कल बेताची, आत्मविश्वास पोतंभर. तिथं रेणूंचं वजन करणारं यंत्र होतं, मास स्पेक्ट्रोमीटर. नलिनीला त्यात चौदा प्रथिनांचा एक जुडगा अख्खा तोलायचा होता. एकावर एक ठेवलेली दोन कडी, प्रत्येकात सात जणं. मी ऐटीत सांगितलं की आम्ल घालून सगळी सुटी करू, एकेकाचं वजन घेऊ, बेरीज मला येते.

"बेरीज येईल गं," ती म्हणाली, "पण कुणी कुणाचा हात धरला होता, ते कसं कळणार?"

त्या हातांसाठीच तिचा सगळा हट्ट. आम्ल बंद. साधं मीठ बंद, त्याऐवजी फवाऱ्यात उडून जाणारा क्षार. सोन्याचा मुलामा दिलेल्या काचेच्या सुईतून फवारा सोडायचा, तोही हळुवार. या सुया महाग, नाजूक, आणि आंधी आली की जयपूरची धूळ नेमकी त्यांच्याच टोकात जाऊन बसे. पडद्यावर यायचे ते नुसते मोडके तुकडे. यंत्र सांभाळणारे शेखावतजी वैतागत. आठवड्यातला एकच दिवस आमचा, आणि तोही असा जायचा. मी तर दर वेळी घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे की बाईचं डोकं फिरलंय. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा हजर, तिच्या आधी.

मग एकदा पडद्याच्या पार उजव्या टोकाला, जिथं एरवी काहीच नसतं, तिथं ओळीनं बुटके, रुंद डोंगर उभे राहिले. नलिनीनं गणित मांडलं. चौदाही जणं, हात धरून! विभागातल्या मोठ्या साहेबांनी पाहिलं आणि कचरा असेल म्हणाले. एकदा दिसलेलं मानायचं नसतं, हे तिलाही मान्य होतं. दुसरी खेप करायच्या आतच ती आजारी पडली.

तेराव्यानंतरच्या पहिल्याच आमच्या दिवशी मी नमुना घेऊन गेले. डोंगर आले, पण पाणी चिकटून राहिल्यासारखे ओले, पसरट.

"मॅडमजी, थोडं व्होल्टेज वाढवू? साफ दिसेल," शेखावतजी म्हणाले.

"वाढवलंत तर एखादं निसटेल. मतलब, सगळं मुसळ केरात."

पंपाची झडप किंचित आवळून आतला दाब वाढवला, मोठे रेणू सावरावेत म्हणून, आणि बसून राहिलो. हळूहळू डोंगर अरुंद होत एकमेकांपासून वेगळे दिसू लागले. वजन केलं. तिच्या आकड्याच्या इतकं जवळ की शेखावतजींनी न सांगता छापील प्रत काढली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.

दिवस संपला की नलिनी बगरूच्या छापाची एक जुनी चादर यंत्रावर घालायची, धुळीसाठी, चारही कोपरे खोचून, पोराला पांघरूण घालावं तशी. त्या संध्याकाळी शेखावतजी ती चादर घेऊन उभे राहिले. मी ती त्यांच्या हातातून घेतली, घडी करून नलिनीच्या खुर्चीवर ठेवली आणि पुन्हा करून पाहायला दुसरी सुई भरली.