भिवरासाठी उघडलेलं दार

उज्ज्वला चौसाळ्यात बायकांचे ब्लाऊज शिवते. तिच्या हाताला चांगली सफाई आहे, त्यामुळे लग्नसराईत तिच्या ओसरीवर पिशव्यांचा ढीग लागतो. नवरा अंगद मांजरसुंब्याच्या फाट्यावर ट्रकांची पंक्चरं काढतो. तो सकाळी जातो तो दिवेलागणीलाच येतो. घरात तिसरं माणूस म्हणजे तिचे वडील गहिनीनाथ, तिचे आबा. आई गेल्यावर तिनं त्यांना वस्तीवरून आपल्याकडं आणलं. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस. गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा मेंढरं विकली आणि ओसरीवर मशीनच्या शेजारी बाज टाकून बसला.

उज्ज्वला दहावीपर्यंत शिकलेली. वाचनाचं वेड तिला शेजारच्या सुनितानं लावलं. सुनिताचा नवरा टेम्पोवर ड्रायव्हर, तोही दिवसभर बाहेर. तिनं एकदा ब्लाऊज टाकायला येऊन उज्ज्वलाच्या मोबाइलवर गोष्टी वाचायचं एक अ‍ॅप टाकून दिलं. त्यात राजवाड्यातल्या प्रेमकथा असत. सरदार, कैदेतल्या राजकन्या, किल्ल्याच्या चोरवाटा. दोघी वाचायच्या आणि दुपारी त्यावर भांडायच्या. अ‍ॅपवर कुणालाही लिहिता येतं हे कळल्यावर सुनिता म्हणाली, "वैनी, तुमी बोलता लई झ्याक. लिहून बघा की."

काय लिहावं हे उज्ज्वलाला सुचेना. तिनं सहज आबांना विचारलं, "आबा, निजामाच्या काळातली एखादी गोष्ट म्हाईत हाय का? प्रेमाची पायजे."

आबांनी हातातली काठी बाजेला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "हाय एक. पर ती गोष्ट न्हाई, घरातलं हाय."

त्यांच्या आज्याला, बंकटला, भिवरा नावाची धाकटी बहीण होती. ती माळावर मेंढरं राखायची. बीडकडून टपाल घेऊन एक घोडेस्वार त्या वाटेनं जायचा. तो कुठला, कोणत्या जातीचा, कुणाला माहीत नव्हतं. विहिरीवर घोड्याला पाणी पाजताना दोघांची ओळख झाली आणि एके दिवशी मेंढरं वाड्यात कोंडून भिवरा त्याच्यामागं घोड्यावर बसून निघून गेली. काही वर्षांनी ती एकटीच परत आली. घोडेस्वार मेला होता की सोडून गेला होता, ते तिला कुणी विचारलंच नाही. तिच्या अंगात ताप होता. त्या काळी गाठीच्या रोगानं, प्लेगनं, गावंच्या गावं उठत होती. बंकटनं आतून दाराची ताटी लावून घेतली. लोकांना सांगितलं, रोग आणलाय तिनं. भिवरा माळावरच्या बाभळीखाली जाऊन पडली. बंकटची बायको चोरून तिथं भाकरी ठेवून यायची. एक दिवस भाकरी तशीच राहिली.

"हे मला आजीनं सांगितलं," आबा म्हणाले. "पलेगचं निमित्त हुतं गं. घाबरला तो इज्जतीला. म्हातारपणी वाऱ्यानं ताटी वाजली तरी आजा उठून उघडायचा. मी बघितलंय."

उज्ज्वलाला हे कधीच कळलं नव्हतं. दर सर्वपित्रीला आबा माळावरच्या एका धोंड्याजवळ भाकरी ठेवतात, एवढंच तिला ठाऊक होतं. कुणासाठी, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"लिहू का मग?"

"लिही. तिचं नाव कुणी घेत न्हाई, तू घे. पर दार उघडलं न्हाई, ते बी लिही. त्याच्याशिवाय लिहू नको."

ती लिहायला लागली. दुपारी काज-बटणं झाली की मोबाइल हातात घ्यायची आणि अंगठ्यानं टाइप करायची. कादंबरीचं नाव ठेवलं 'घोडेस्वाराची भिवरा'. प्रत्येक भाग आधी आबांना वाचून दाखवायचा आणि मग अ‍ॅपवर टाकायचा, असा रिवाजच पडला. आबा डोळे मिटून ऐकत. एकदा तिनं भिवराला पैठणी नेसवली, तर आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "मेंढरामागं पैठणी? काट्यात गुतली असती की गं ती!" उज्ज्वलाही हसली. पैठणी मात्र राहू दिली, कारण वाचणाऱ्या बायकांना ती आवडली होती.

वाचणाऱ्यांचे अभिप्राय खाली येत. सुरुवातीला सुनिता आणि तिच्या जावाच होत्या. मग कुठून कुठून माणसं आली. नगर, लातूर, पुणे, थेट दुबईतून एक नर्सबाई. "ताई, तुमच्या लिखाणाला मातीचा वास आहे." "पुढचा भाग कधी?" "विहिरीवरचा प्रसंग वाचून मी भाजी करपवली." उज्ज्वला हे सगळं परत परत वाचायची. आजवर तिच्या कामाला लोक 'फिटिंग बरं बसलं' यापलीकडं काही म्हणाले नव्हते. अंगदनं फाट्यावरच्या धाब्यात सांगून टाकलं की आपली बायको लेखिका आहे. तिथला वेटर शहादेवसुद्धा वाचायला लागला.

तापानं फणफणलेली भिवरा गावात परत येते आणि भावाच्या दारावर थाप मारते, इथवर गोष्ट आली आणि उज्ज्वलानं तो भाग तिथंच तोडला. पुढचं लिहून तयार होतं. टाकायचं तेवढं बाकी होतं. पण त्या दोन-तीन दिवसांत अभिप्रायांचा पूर आला.

"प्लीज, भिवराला मारू नका."

"राखी तोंडावर आली आहे. भाऊ असा दाखवू नका."

"इतक्या सुंदर प्रेमकथेचा वाईट शेवट केलात तर तुमचं पुन्हा काही वाचणार नाही."

"आपल्याच समाजातला भाऊ निर्दयी दाखवून काय मिळणार ताई?"

दुबईच्या नर्सबाईनं लिहिलं होतं, "दिवसभर मरणच बघते. इथं तरी कुणाला जगू द्या."

सुनिता तर समोर येऊन बसली. "वैनी, कावून त्या भावाला इतकं वाईट करायल्या? माणूस दमून भागून वाचतंय. त्याला रडवून काय घावतंय तुमाला?"

"पर झालंतच तसं, सुनिता."

"झालं असंल. पुस्तकात कशाला?"

उज्ज्वलानं दोन दिवस मशीनला हात लावला नाही. मग लिहिलेला भाग पुसून टाकला आणि नवा लिहिला. बंकट दार उघडतो. बहिणीला उचलून आत घेतो. पलेगला भीत नाही. त्याची बायको काढा देते, ताप उतरतो. घोडेस्वार हैदराबादच्या कैदेतून सुटून येतो आणि गावाच्या साक्षीनं लग्न लागतं. लिहिताना तिचे स्वतःचेच डोळे भरून आले. या खेपेला तिनं आबांना आधी वाचून दाखवलं नाही. आधी टाकला.

लोकांनी डोक्यावर घेतलं. "भाऊ असावा तर बंकटसारखा," असं इतक्या जणांनी लिहिलं की ते वाक्य बायकांच्या स्टेटसवर फिरायला लागलं.

तिसऱ्या दिवशी आबांनीच विचारलं, "पुढं काय झालं? वाच की."

तिनं वाचलं. ताटी उघडल्याचं वाक्य आलं तेव्हा आबांनी डोळे उघडले. तिचं वाचून झाल्यावर म्हणाले, "मग माळावर कोण मेलं?"

उज्ज्वला म्हणाली, "आबा, ही कादंबरी हाय. लोकांना आवडाया पायजे."

"मग लोकांना लोकाची भिवरा दे की. मपली, घरातली, कावून दिलीस?"

एवढंच बोलून ते काठी घेऊन बाहेर गेले आणि हायवेकडं तोंड करून उभे राहिले. रागावले नाहीत, जेवले नेहमीसारखे. पण त्यानंतर त्यांनी काही वाचून दाखव म्हटलं नाही. एक-दोनदा तिच्या मनात आलं, की बसावं त्यांच्याजवळ आणि म्हणावं, बदलते मी आबा. पण रोज नवे अभिप्राय येत होते. आज बदलू, उद्या बदलू करता करता थंडी आली आणि एका सकाळी आबांच्या हातातला चहाचा कप गळून पडला. लकवा होता.

बीडच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा उजवा हात निकामी झाला होता. जीभ हळूहळू वळली, पण डोक्यातलं सगळं विस्कटलं होतं. मेंढरं विकलेली त्यांना आठवत नसे. अंगदला ते कधी अंगद म्हणत, कधी आणखी कुणी समजून 'या पाव्हणं' म्हणत.

गावातली माणसं भेटायला येत. आजारी माणसाशी बोलावं काय, हा सगळ्यांनाच प्रश्न. पण बहुतेक घरांत कादंबरी वाचलेली होती, म्हणून बोलायला विषय मिळाला. सुनिता त्यांच्या उशाशी बसून म्हणायची, "आबा, तुमच्या आज्याचं काळीज लई मोठं. बहिणीला दार उघडलं बघा." सरपंचांची आई तुळजाबाई आली, तिनं सुनेकडून ऐकलं होतं. तीही म्हणाली, "पलेगच्या काळात घरात घेतलं म्हंजे काय साधी गोष्ट हाय का?" शहादेव फाट्यावरून सुट्टीच्या दिवशी आला आणि त्यानं बंकटच्या नावानं हात जोडले. आबा प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत राहायचे. उज्ज्वला चहा करत आतून ऐकायची. तिला बाहेर येऊन सांगता आलं असतं. पण सगळ्यांसमोर काय सांगायचं, की मी लिहिलं ते खोटं आहे?

उन्हाळा लागता लागता आबाच सांगायला लागले. कुणी आलं की तोंड उजळायचं. "मपल्या आज्यानं उघडलं दार. भिवरा आत आली. काढा दिला आजीनं." कधी कधी त्यात तिनं न लिहिलेलंही यायचं. भिवरानं म्हणे त्यांना लहानपणी मांडीवर घेतलं होतं, तिच्या हातावर गोंदलेलं होतं. आबांच्या जन्माआधी कितीतरी वर्षं मेलेली बाई त्यांना मांडीवर घेत होती.

सर्वपित्री आली. उज्ज्वलानं ज्वारीची भाकरी आणि गवारीची भाजी केली, अंगदनं मोटारसायकल काढली. आबांना धरून बसवता येईल असं त्यांना वाटलं होतं.

"कुठं?" आबांनी विचारलं.

"माळावर. धोंड्याकडं."

"कावून? तिथं कोण हाय?"

उज्ज्वला बाजेजवळ खाली बसली. अंगदनं तिला डोळ्यांनीच नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही.

"आबा, भिवरा हाय तिथं. तुमीच सांगितलंतं मला. तुमच्या आज्यानं दार उघडलं न्हाई. ती तिथंच गेली, बाभळीखाली. मी लिहिलं ते खोटं हाय आबा. लोकांसाठी लिहिलं मी."

आबांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. जणू ही बातमी त्यांच्या कानावर आत्ता, पहिल्यांदाच आली होती. त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट पकडलं. "उघडलं न्हाई?" ते म्हणाले. "भाऊ हुता की गं तो." आणि ते रडायला लागले. म्हातारं माणूस रडतं तसं नाही, पोर रडतं तसं, मोठ्यानं. सुनिता धावत आली. अंगदनं मोटारसायकल आत लावली. त्या दिवशी आबांनी काही खाल्लं नाही. "चला, तिला आणू, अजून असंल," असं ते दिवसभर म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. दूधवाल्याला ते हसत सांगत होते की आज्यानं दार उघडलं.

त्या आठवड्यात उज्ज्वलानं अ‍ॅपवरचा शेवटचा भाग काढून टाकला आणि जसं झालं तसं लिहिलं. बंकटचं भिणं, चोरून ठेवलेली भाकरी, वाऱ्यानं वाजणारी ताटी. खाली एक ओळ टाकली, की आधीचा शेवट माझा होता, हा खरा आहे. वाचणारे चिडले. "फसवणूक केलीत." "आमच्या मनातली भिवरा मारलीत." पुष्कळ जणांनी तिचं लिखाण वाचणं सोडलं. तिला त्याचं फार वाटलं नाही. जुन्या शेवटाचे फोटो आधीच कुणीकुणी काढून ठेवले होते, ते अजून फिरतात. मध्यंतरी तलवाड्याला एका लग्नात अनोळखी बाईनं तिलाच तो वाचून दाखवला. दुबईच्या नर्सबाईनं मात्र उशिरा एक ओळ लिहिली. "आमच्याकडेही एक होती. तिचं नाव आम्हाला सांगितलं नाही कुणी."

सुनिता आता पहिल्यासारखी येते, पण कादंबरीचा विषय काढत नाही. एकदाच म्हणाली, "मी तुमाला बोलले नसते तर बरं झालं असतं, वैनी." उज्ज्वला म्हणाली, "तू बोललीस. ऐकलं मी."

आबा आता बाजेवरून फारसे उठत नाहीत. दुपारी मशीन थांबलं की विचारतात, "उजे, भिवराचं वाच की." ती मोबाइल हातात घेते. पडद्यावर खरा शेवट असतो. ती त्याच्यावर नजर ठेवते आणि दुसराच तोंडपाठ बोलत जाते. बंकट उठतो, ताटी बाजूला करतो, बहिणीला उचलतो. आबा डोळे मिटून मान हलवत ऐकतात. मधेच थांबवून एखादा शब्द परत म्हणायला लावतात. ती कधी मधेच थांबली तर विचारतात, "काय गं, दिसत न्हाई का?"

"दिसतंय, आबा," ती म्हणते आणि पुढचं सांगू लागते.